तिसऱ्या स्टँडची बाहेरची खुर्ची

लालबाग,
११ नोव्हेंबर १९५७

संगीताच्या बाई आनंदीबाई सुखटणकर यांना,

जयभीम. तुम्ही खुशाल असणारच, म्हणून विचारत नाही.

बकुळाच्या हाती तुम्ही छापील कागद पाठवलात. खाली रेघ मारून लिहिलंय, पालकांची सही. मी सही करणार नाही. हे सांगायला शाळेत आले असते. पण तिथे तुम्ही टेबलामागे बसता, मी उभी राहते, तुम्ही बोलता आणि मी मान हलवून घरी येते. म्हणून लिहिते. कागदावर मी बोलणार आणि तुम्ही ऐकायचं. बकुळाकडे देत नाही, वाचील. पोस्टात टाकते. माझं शिक्षण म्हणाल तर चाळीतल्या साक्षरतेच्या वर्गात दोन वर्षं. चुका निघतील, काढत बसा.

कागदात लिहिलंय की चौदा शाळांची निवडक मुलं गिरगावात एकत्र बसून वाजवणार आणि दोन पाहुणे कंडक्टर येणार. एक खोताच्या वाडीतले परेरा मास्तर, एक पुण्याचे हेरंब दातार. आम्हाला कंडक्टर ट्रामचा ठाऊक. बकुळाला विचारलं, हा बाबा करतो काय? म्हणाली, पुढं उभा राहून काठी हलवतो, तो हलवील तसं आम्ही वाजवायचं. म्हटलं, झालं. एवढंच राहिलं होतं.

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. रत्नागिरीकडे आमच्या गावात खालूबाजा आमच्या लोकांनी वाजवायचा. ढोल, टिमकी, सनई. लग्न त्यांचं, दम आमचा. वरातीच्या पुढं चालायचं, मांडव आला की बाहेर थांबायचं. आत पंगती उठेस्तोवर धुळीत बसायचं, मग जे वरून टाकतील ते खायचं. बकुळाचे वडील सनई वाजवायचे. आजूबाजूच्या सात गावांत तशी सनई नव्हती, पण बसायला जागा धुळीतलीच. गेल्या वर्षी दीक्षा घेतली तेव्हा चाळीत सगळ्यांनी मिळून ठरवलं, आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही. यांनी सनई दादरच्या चौपाटीवर नेऊन पाण्यात सोडली. घरी आले, जेवले, गिरणीत पाळीला गेले.

बकुळा तुमच्याकडे व्हायलिन शिकते, त्याला मी आडवी आले नाही. शिकणं वेगळं, लोकांपुढं वाजवणं वेगळं. पोरगी मॅट्रिक होईल, हापिसात बसेल. वाजवायला बसणार नाही.

दुसरा कागद पाठवू नका.

कौसल्या सीताराम गमरे


गिरगाव,
१४ नोव्हेंबर १९५७

कौसल्याबाई गमरे यांस,
नमस्कार.

पत्र मिळाले. त्यातला रोष माझ्यावर का, हे समजले नाही. खालूबाजा वाजवायला तुम्हाला मी सांगितले नव्हते.

हा वाद्यवृंद म्हणजे वरात नव्हे. तीनशेहून अधिक मुलांची परीक्षा घेऊन शेहेचाळीस निवडली आहेत. आपल्या शाळेतून एकटी बकुळा. माझी मुलगी नलू तिच्या गिरगावातल्या शाळेतून आली आहे आणि दोघींना एकच स्टँड मिळाला आहे, तेव्हा बकुळाकडे माझे लक्ष राहीलच. परेरा मास्तर आणि दातार हे दोघेही आपला वेळ काढून मुलांसाठी येतात. कंडक्टरची काठी ताल दाखवण्यासाठी असते, गुरे हाकण्यासाठी नसते. वाजवणारे व्यासपीठावर खुर्च्यांवर बसतात, ऐकणारे खाली. मध्येच कोणी बोलले तर ऐकणाऱ्याला गप्प करतात, वाजवणाऱ्याला नाही.

तुमच्यासारख्या लोकांच्या मुलींना अशी संधी रोज मिळत नाही. शांतपणे विचार करा. सतरा तारखेला, रविवारी, आमच्या जवळच्या शाळेच्या सभागृहात तालीम आहे. तोपर्यंत सही आली नाही तर बकुळाच्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागेल. मुख्य कार्यक्रम २२ डिसेंबरला आहे.

आनंदी सुखटणकर


लालबाग,
१५ नोव्हेंबर

आनंदीबाई,

‘तुमच्यासारख्या लोकांच्या’ हे लिहिताना टाक अडला नाही ना? शाई चांगली दिसते तुमची.

खुर्च्या म्हणता. बघायला येते. रविवारी मला सुट्टी आहे. खुर्ची असली तर सही तिथंच करीन. सतरंजी असली तर पोरीला घेऊन माघारी.

कौसल्या


गिरगाव,
१८ नोव्हेंबर १९५७

कौसल्याबाई,

काल तुम्ही आलात, खुर्च्या पाहिल्यात, सही केलीत. तिथेच घरी गेला असतात तर बरे झाले असते.

तुम्ही मागच्या बाकावर बसून होतात हे मुलांच्या लक्षातही नव्हते. दातारांनी अवघड जागा तिसऱ्यांदा धरली होती, आणि मुले नुकती एका सुरात आली होती. तेवढ्यात तुम्ही उभ्या राहून ओरडलात, “ए पोरी, हात मोडले काय तुझे? तुझं पान तू उलट!” शेहेचाळीस मुले थांबली. नलूचा गज हातातून पडला. दातारांनी तुम्हाला सभ्यपणे बाहेर थांबायला सांगितले, तर तुम्ही त्यांना म्हणालात, “बाहेर बसायचे दिवस गेले, मास्तर. तुम्ही वाजवा.” आणि खाली बसलात! पुढचा अर्धा तास एकाही मुलाचा सूर लागला नाही. बकुळाने मान वर केली नाही.

आता ज्यावर ओरडलात ते समजून घ्या. वाद्यवृंदात दोन व्हायलिनवाले मिळून एक स्टँड असतो, त्यावर एकच कागद. पान संपले की दोघांनी थांबून चालत नाही, आवाज पडतो. म्हणून श्रोत्यांच्या बाजूला, म्हणजे बाहेरच्या खुर्चीवर जो बसतो तो वाजवत राहतो, आणि आतल्या खुर्चीवरचा क्षणभर थांबून पान उलटतो. जगभर हीच रीत आहे. बकुळा आतल्या खुर्चीवर आहे, म्हणून ती उलटते. ती नलूची चाकरी करत नाही. प्रत्येक गोष्टीत तुम्हाला तेच दिसत असेल तर त्याला माझा इलाज नाही.

यापुढे तालमीला येऊ नये ही विनंती.

आनंदी सुखटणकर


लालबाग,
२१ नोव्हेंबर

आनंदीबाई,

बकुळा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते, “आई, मला सगळ्यांत जास्त खाली तू बघायला लावलंस.” म्हणजे तुमच्याहून जास्त मी. ते मी ऐकून घेतलं.

पान उलटायची रीत असते, हे तिनंही सांगितलं. कबूल. मला ठाऊक नव्हतं. आम्ही जी वाजवणारी माणसं बघितली त्यांच्यापुढं कागद नव्हता, म्हणून उलटायला कुणी नव्हतं. ओरडले ते चुकलं. तुमची नलू दचकली, तिला सांगा मावशी चुकली म्हणून. तिला सांगा. तुम्हाला नाही.

खुर्च्याही होत्या. लोखंडी, घडीच्या, पण होत्या. तुमचं ते खरं निघालं.

आता एक विचारते, सरळ उत्तर द्या. आत कोण बसणार आणि बाहेर कोण, हे कोण ठरवतं? गिरणीत आमच्या वाइंडिंग खात्यात खिडकीकडचं मशीन कुणाला द्यायचं ते मुकादमीण ठरवते, आणि का दिलं ते अख्ख्या खात्याला ठाऊक असतं. तुमच्यात पण काही नेम असेलच. तो काय?

कौसल्या


गिरगाव,
२५ नोव्हेंबर १९५७

कौसल्याबाई,

बसण्याची जागा परेरा मास्तर ठरवतात. मुलांची उंची, चष्मा, दिव्याचा उजेड, अशा अनेक गोष्टी पाहाव्या लागतात. पालकांनी त्यात लक्ष घालण्याची पद्धत नाही. आत काय, बाहेर काय, दोघीही एकच सूर वाजवतात.

बकुळाचा सराव समाधानकारक आहे. तिला घरी तासभर तरी निवांत मिळेल असे पाहावे. या विषयावर माझ्याकडून हे शेवटचे पत्र.

आनंदी सुखटणकर


लालबाग,
३ डिसेंबर

आनंदीबाई,

शेवटचं पत्र तुमचं असेल. माझं नाही.

बकुळाचे वडील मुंबई महाराष्ट्राला मागणाऱ्या समितीच्या मोर्चात काळे झेंडे घेऊन प्रतापगडाला गेले होते. चाळीतले अकरा जण गेले. सोमवारी परत आले, पाय सुजलेले, घसा बसलेला. ते नव्हते तेव्हा रविवारी सकाळी मी खोताच्या वाडीत गेले. तुम्ही जवळ राहता, तुम्हाला परेरा मास्तरांचं घर ठाऊक असेल, बाहेरून लाकडी जिना आहे ते. मास्तर नुकते चर्चमधून आले होते, कोट पण काढला नव्हता. त्या दिवशी तालमीला तेही होते, मला ओळखलं. म्हणाले, “तूच ना ती पान-उलट बाय?” आणि हसत सुटले. त्यांच्या बायकोनं मला खुर्ची दिली, चहा दिला, न विचारता. मी त्यांना तेच विचारलं जे तुम्हाला विचारलं होतं.

ते म्हणाले, नेम सोपा आहे. परीक्षेचा नंबर. एक नंबर पहिल्या स्टँडला बाहेर, दोन आत. तीन बाहेर, चार आत. पाच बाहेर, सहा आत. यादी काढून माझ्यापुढं ठेवली. मला वाचायला वेळ लागतो, पण त्यांनी घाई केली नाही. पाच, गमरे बकुळा. सहा, सुखटणकर नलिनी.

मी म्हटलं, मास्तर, मग माझी पोरगी आत कशी? तर म्हणाले, “बाय, आनंदीबाईनं सांगितलं ना मला. बोलली, पोरीला नोटेशन वाचायला जड जातं, माझ्या नलूनं संभाळून घेतलं तर बरं. म्हणून बदल केला.”

नोटेशन वाचायला जड जातं! आनंदीबाई, आमच्या घरात जे काही वाचलं जातं ते तीच वाचते. वडिलांचं पगाराचं पाकीट, समितीचं पत्रक, नळाची नोटीस, औषधाची बाटली. तुमचा तो छापील कागद मला तिनंच वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही?

उंची म्हणालात. चष्मा म्हणालात. उजेड म्हणालात. नंबर तेवढा म्हणाला नाहीत.

समितीच्या सभेला तुम्हीही जाता, बकुळानं तुम्हाला शिवाजी पार्कात बघितलंय. मुंबई आपली म्हणून टाळ्या वाजवता. मुंबई मागता दिल्लीकडं, आणि एका पोरीची खुर्ची तुमच्याच्यानं सोडवत नाही.

मास्तरांपुढं मी तुमचं खोटं उघड केलं नाही. म्हटलं, बाईंशी बोलते. तर बोला.

कौसल्या


गिरगाव,
७ डिसेंबर १९५७

कौसल्याबाई,

होय. मी बदलायला सांगितले.

परेरा मास्तरांना काही सांगितले नाहीत, त्याबद्दल आभार मानावेत अशी तुमची अपेक्षा असेल. मानत नाही. तुम्ही ते माझ्यावर धरून ठेवण्यासाठी राखले आहे, हे मला दिसते.

पाच आणि सहा यांत एका गुणाचा फरक आहे. नलूला परीक्षेच्या दिवशी ताप होता. पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई, दीर, जाऊबाई बसणार आहेत. मी नोकरी करते, लालबाग-परळच्या मुलींना शिकवते, यावरून या घरात मी बारा वर्षे ऐकून घेत आले आहे. स्वतःच्या मुलीला काय शिकवले, असे विचारायला ती मंडळी टपलेली आहेत. त्यांनी नलूला आत बसून पाने उलटताना पाहावे, आणि तेही

असो.

मी हे बकुळाच्या पाठीमागे केलेले नाही. तिला विचारले होते. “नलू बाहेर बसली तर चालेल ना?” ती “हो बाई” म्हणाली. तिची तक्रार नव्हती आणि आजही नाही. तक्रार तुमची आहे. व्हायलिन शाळेचे आहे आणि ते कोणाला घरी नेऊ द्यायचे हे मी ठरवते, याचाही विचार करावा.

आनंदी सुखटणकर


लालबाग,
१० डिसेंबर

आनंदीबाई,

‘आणि तेही’ च्या पुढं तुम्ही जागा कोरी सोडलीत. ती मी भरते. आणि तेही एका गमऱ्याच्या पोरीसाठी. बरोबर? लिहायचं होतं. मी ओरडले ते उघड ओरडले, सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही दोन शब्दांवर थांबता आणि असो म्हणता.

पोरगी ‘हो बाई’ म्हणाली. म्हणणारच. तिची आजी हो म्हणाली, मी वीस वर्षं हो म्हणाले. मुकादमीण काही म्हणाली की हो, घरमालक काही म्हणाला की हो. ‘हो’ म्हणायची सवय आमच्यात रक्तात गेलीय, ती मी खरवडून काढतेय. आणि तुम्ही, तिची बाई, पट्टीनं रेघा मारून शिकवणारी, तुम्ही त्याच ‘हो’ वर बसता? तिला विचारलंत तेव्हा तिचं व्हायलिन तुमच्या कपाटात होतं. कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला. नाही कसं म्हणायचं ते शिकवलंय का तुम्ही वर्गात?

तुम्हाला घरात बारा वर्षं ऐकून घ्यावं लागलं, ते वाईट. खरंच वाईट. पण ते माझ्या पोरीच्या खुर्चीवर का फेडता? तुमच्या सासूला उत्तर द्या ना.

तापाचं म्हणाल तर परीक्षेच्या दिवशी बकुळा लालबागहून गिरगावला चालत आली होती, कारण हरताळ होता आणि ट्राम बंद. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही ताप काढलात म्हणून काढलं.

घरात मी एकटीच पडलेय, हेही लिहिते, लपवत नाही. बकुळा रडते, म्हणते आई सोड, मला वाजवू दे. तिचे वडील बसक्या घशानं म्हणाले, “बसू दे की आत. सूर बाहेर जातोच.” मी म्हटलं, तुमचाही जात होता. लागलं त्यांना. लागणार हे मला ठाऊक होतं.

व्हायलिन शाळेचं आहे, ठेवा. पोरगी माझी आहे. बावीस तारखेला तिसऱ्या स्टँडला बकुळा बाहेरच्या खुर्चीवर बसेल, नाहीतर ती खुर्ची तुमच्या सासूबाईंना रिकामी दिसेल. मधला रस्ता शोधू नका.

कौसल्या


गिरगाव,
१३ डिसेंबर १९५७

कौसल्याबाई,

परेरा मास्तरांना आज भेटले. माझे सांगणे खरे नव्हते असे त्यांना स्वच्छ सांगितले. ते हसले नाहीत. बकुळा पंधरा तारखेच्या तालमीपासून बाहेरच्या खुर्चीवर बसेल. नलूला मी घरी सांगितले आहे. ती जेवली नाही.

सोबत दोन प्रवेशपत्रिका पाठवत आहे. पाचवी रांग आहे. पहिल्या रांगेच्या संपल्या.

आनंदी सुखटणकर


लालबाग,
२४ डिसेंबर

आनंदीबाई,

आम्ही दोघं आलो होतो. तुम्ही मला बघितलंत, मी तुम्हाला बघितलं. नमस्कार तुम्हीही केला नाहीत, मीही नाही. बरं झालं, खोटा झाला असता.

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. दोन दिवस टाळलं. पण विचारायला दुसरं माणूस नाही.

पडदा वर गेला तेव्हा बकुळा बाहेरच्या खुर्चीवर होती. पांढरी साडी, निळा काठ. तुमची नलू आत. तिचे डोळे सुजलेले पाचव्या रांगेतून दिसत होते. आधी दातारांची पाळी होती, मग परेरा मास्तरांची. दातारांनी काठी वर केली आणि माझ्या मनात आलं, ही तुमची पोर आता सूड घेणार. पान उलटायचं विसरेल. नाहीतर दोन पानं एकदम उलटेल, आणि माझी पोरगी भर सभेत उघडी पडेल. तिच्या जागी मी असते तर मी केलं असतं. म्हणून मी तिच्या हातावरून नजर काढली नाही. पहिलं पान, उलटलं. दुसरं, उलटलं. दर वेळी ती गज मांडीवर टेकवायची, हात पुढं करायची. सात पानं होती. सातही वेळेवर, नीट, आवाज न करता उलटली. पोर चांगली आहे तुमची. तुमच्यावर गेली नाही.

मग लोक टाळ्या वाजवायला लागले. सगळे उठून उभे राहिले. आणि तेव्हा मला कळलं की मी काही ऐकलंच नाही. एक सूर नाही. दीड महिना मी ज्याच्यासाठी भांडले ते होऊन गेलं, आणि मी एका पोरीचा हात बघत बसले.

घरी येताना बकुळा म्हणाली, “आई, कसं वाजलं?” मी म्हटलं, चांगलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं. परत विचारलं नाही तिनं.

तिच्या वडिलांना विचारलं. ते डोळे मिटून बसले होते सगळा वेळ, त्यांनी ऐकलं असणार. तर म्हणाले, “मला नको विचारू. बापाला गोडच लागतं.”

म्हणून तुम्हाला विचारते. कसं वाजवलं माझ्या पोरीनं? तुम्हाला त्यातलं कळतं. आम्हाला बरं वाटावं असं तुम्हाला काही नाही, म्हणून तुमच्याकडं येते. खरं लिहा. एकदा खोटं बोलून झालंय तुमचं, दुसऱ्यांदा बोलू नका.

कौसल्या


गिरगाव,
२८ डिसेंबर १९५७

कौसल्याबाई,

तुम्ही योग्य माणसाला विचारलेत. त्या सभागृहात बकुळाला माझ्याइतके कोणी ऐकले नसेल.

मी चूक होण्याची वाट पाहत होते. तिला वाचायला जड जाते असे मी म्हटले होते, आणि परेरा मास्तरांपुढे ते मला खोटे म्हणून परत घ्यावे लागले. तिची एक जरी ठळक चूक झाली असती तर निदान माझ्यापुरते मी खरी ठरले असते. म्हणून शेहेचाळीस मुलांतून मी एकटीचा सूर वेगळा काढून धरला. माझी स्वतःची मुलगी कशी वाजवत होती, हे मला सांगता येणार नाही. तिने पाने उलटली हेसुद्धा तुमच्या पत्रातून कळले.

तर लिहिते.

दातारांच्या भूपात ती सुरुवातीला दबकत होती. हात जड होता. दुसऱ्या आवर्तनात मोकळी झाली. तिचा पंचम इतका स्वच्छ लागतो की शेजारच्या दोन स्टँडची मुले त्यावर आपला सूर मिळवत होती. त्यांना ते कळतही नसेल, पण मी पाहिले. परेरा मास्तरांच्या रचनेत एक चूक झाली. तिसऱ्या पानाच्या शेवटी दोन मात्रा थांबायचे आहे, तिथे ती अर्धी मात्रा आधी शिरली. लगेच सावरली. ते कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही. त्यापुढच्या लांब सुरांच्या भागात मास्तर काठी जवळजवळ हलवतच नव्हते. तिसऱ्या स्टँडकडे पाहून नुसते उभे होते.

मी बारा वर्षे शिकवते आहे. माझ्या हातून गेलेल्या मुलींत इतके चांगले कोणी वाजवले नाही. नलूही नाही.

हे लिहून झाल्यावर मला काही हलके वाटलेले नाही, हेही कळवते.

आनंदी सुखटणकर


लालबाग,
३१ डिसेंबर

आनंदीबाई,

पत्र पोचलं. बकुळाला समोर बसवून वाचलं. अडखळत वाचलं, पण मीच वाचलं, तिच्या हाती दिलं नाही. तुम्ही चुकीची वाट बघत होता तेवढ्या ओळी गाळल्या. तिला त्याची गरज नाही. मी ठेवल्यात.

तिचे वडील दाराशी विडी ओढत होते. पंचमाचं आलं तेव्हा म्हणाले, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं.

अर्ध्या मात्रेचं पण वाचलं. पोरगी म्हणाली, “बाईंना कळलं ते?” तोंड पडलं तिचं. आणि मग म्हणाली की तिथं तिचं नेहमीच तसं होतं, तालमीतही व्हायचं, पण कुणी सांगितलं नाही.

सोमवारपासून ती वर्गात येईल. ती अर्धी मात्रा तिच्याकडून नीट करून घ्या. ते काम तुमचं आहे.

कौसल्या